नुसते बाण

थोरल्या काकांनी घरात लोकशाही मान्य केली होती ती एका अटीवर: मतमोजणी ते करतील. त्यामुळे धाकटीने पुढे काय करावे हे 'सर्वांनी मिळून' ठरवण्यासाठी त्या रविवारी दुकानावरच्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाभोवती कुटुंब जमले, तेव्हा निकालाविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. शंका एवढीच होती की तो जेवणाआधी लागेल की जेवणानंतर.

खाली छपाईची यंत्रे झाकलेली होती. शाईचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास मात्र सुट्टी घेत नसे. तो जिना चढून वर येई आणि घरच्यासारखा ताटाशी बसे. काकांच्या उजव्या हाताला आत्या होत्या: सकाळच्या बसने आपल्या शहराहून आलेल्या, महाविद्यालयातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता विभाग उरला नसल्यामुळे कुटुंबाच्या प्रमुख होऊ पाहणाऱ्या. डाव्या हाताला काकांचा मुलगा. धाकटी त्याला दादा म्हणे, तो स्वतःला ब्रँड सल्लागार म्हणे. त्याचा सल्ला अद्याप कोणी विकत घेतला नव्हता. फुकट घेण्यावाचून मात्र घरच्यांना गत्यंतर नव्हते. समोर धाकटीचे बाबा, म्हणजे काकांचे सख्खे धाकटे भाऊ, यंत्रे चालवणारे आणि शक्यतो तोंड न चालवणारे. आई स्वयंपाकघर आणि टेबल यांच्या मधोमध, म्हणजे तिच्या कायमच्या जागी, उभी होती.

"हं, मांड," काका म्हणाले. "सहा वाजता उत्तर द्यायचंय म्हणतेस ना कोणाला तरी?"

धाकटीने दोन कागद पुढे सरकवले.

हे दोन कागद का, हे कळण्यासाठी या घराची एक रीत ठाऊक हवी. दुकानातून कोणतेही काम, मग ते औषधाच्या बाटलीवरचे लेबल असो की निवडणुकीचा फलक, थोरल्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापले जात नसे. आणि त्या नजरेखाली जे जाई ते जसेच्या तसे बाहेर येत नसे. ज्याला दुरुस्ती सुचत नाही त्याला अधिकार उरत नाही, असे काकांचे राज्यशास्त्र होते. कलामहाविद्यालयातून शिकून आल्यावर धाकटीने पहिले वर्ष वाद घालण्यात घालवले. दुसऱ्या वर्षी तिने वाद सोडला आणि शोध लावला. प्रत्येक कामात ती एक ढळढळीत चूक मुद्दाम ठेवू लागली: डोळ्यांत घुसणारा गुलाबी, कडेला चिकटलेला मजकूर, मालकाच्या नावापेक्षा मोठा फोन नंबर. काका ती पकडत, लाल पेनाने तिच्याभोवती गोल काढत, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" म्हणत आणि तृप्त होऊन उरलेल्या कामाला हात लावत नसत. या चुकीला ती मनात 'काकांचा घास' म्हणे. मोठ्या कामांत घास पुरत नसे, कारण तिथे खाणारी तोंडे अधिक असत. पण एरवी त्याच्या जिवावर दुकानातून गेली काही वर्षे बरीच बघण्याजोगी कामे बाहेर पडली होती आणि त्यांचे श्रेय काकांच्या पारखी नजरेला मिळाले होते.

आजचा पहिला कागद हा असाच घास होता. परदेशातली संस्था, सिनेमाच्या श्रेयनामावल्या आणि हलती चित्रे यांचे दोन वर्षांचे शिक्षण, फी एवढी की दुकान विकले तरी जाण्याचे तिकीट वेगळे काढावे लागेल. काका यावर लाल फुली मारतील, मारून सुखावतील आणि दुसऱ्या कागदाला उदारपणे मान डोलावतील, असा तिचा हिशोब होता.

काकांनी पहिला कागद वाचला. लाल पेनाचे टोपण काढले. मग ते परत लावले.

"सिनेमा," ते म्हणाले.

"हो काका. पण फी फारच आहे, आणि दोन वर्षं मी इथे नसणार, म्हणजे तसा विचार केला तर..."

"बघता येईल."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिले. काकांच्या चेहऱ्यावर आशीर्वाद देणाऱ्या माणसाचे तेज होते.

"उत्तम!" आत्या म्हणाल्या. "एका विषयात खोल उतरल्याशिवाय माणसाला काही येत नाही, हे मी आयुष्यभर सांगत आले. सगळं थोडं थोडं करणारी माणसं शेवटी थोडी थोडीच राहतात. मी स्वतः एका शिलालेखावर बावीस वर्षं काढली."

"अख्ख्या?" दादाने विचारले.

"तिसऱ्या ओळीवर."

"मग बाकीच्या ओळींचं काय?"

"त्यांच्यावर इतर लोक आहेत," आत्या थंडपणे म्हणाल्या.

दादाचे लक्ष तोवर खालच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीकडे आणि तिच्यासमोरच्या मोठ्या पडद्याच्या संगणकाकडे गेले होते. धाकटी गेली की ते दोन्ही मोकळे होणार होते. "मीपण तेच म्हणतो," तो म्हणाला. "आता स्पेशलायझेशनचा जमाना आहे. लेबलं, पत्रिका, पाट्या, हे काय, कोणीही करतं."

"कोण करेल?" आईने दारातून विचारले.

"म्हणजे... मी आहे ना, काकू."

"परवा तुला फाइल सापडत नव्हती म्हणून तू तिला अंगात ताप असताना जिना उतरवलास."

"ती चुकीच्या नावानं ठेवली होती!"

"तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव होतं, रे."

खुर्चीबरोबर खुर्चीतले कामही येते, हा विचार दादाच्या मनात प्रथमच शिरला आणि तिथे त्याला ओळखीचे कोणी भेटले नाही.

"दुसराही कागद आहे," धाकटी घाईने म्हणाली. "तो आधी बघा. त्याचंच उत्तर आज द्यायचंय."

काकांनी दुसरा कागद बोटाच्या टोकाने जवळ ओढला. "हॉस्पिटलच्या पाट्या?"

"दिशादर्शक फलक. माणूस हॉस्पिटलच्या दारातून आत आला की कोणाला न विचारता त्याला हवं तिथे पोचता यावं, एवढंच काम ही संस्था करते. दुसरं काही घेत नाही. त्यांनी माझं काम बघितलंय, त्यांना मी हवी आहे."

"म्हणजे नुसते बाण?"

"हो. नुसते बाण."

"डावीकडे, उजवीकडे," दादा म्हणाला, "आणि प्रमोशन मिळालं की सरळ!"

सगळे हसले. बाबाही हसल्यासारखे झाले. या टेबलावर हसणे हा उपस्थितीचा पुरावा होता.

"हसू नका," आत्या म्हणाल्या. तत्त्वासाठी एकाकी पडण्याची संधी त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. "एकच विषय आणि तोही बाण! किती निर्मळ आहे ही कल्पना. मला विचाराल तर सिनेमापेक्षा हे श्रेष्ठ. पोरी, तू बाणच काढ. कुठे आहे ही संस्था?"

"तुमच्याच शहरात, आत्या. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी."

आत्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या: एका खोलीत पुस्तके, दुसऱ्या खोलीत पहिल्या खोलीत न मावलेली पुस्तके, आणि दोहोंत मिळून निवृत्तीनंतर कष्टाने कमावलेली शांतता. त्या शांततेत एक पुतणी आली, तिची ओली छत्री आली, तिचा फोन वाजला.

"अर्थात," त्या सावकाश म्हणाल्या, "अतिविशेषीकरण हा आपल्या काळाचा रोगच म्हटला पाहिजे. खोल जाणं वेगळं आणि खड्ड्यात जाणं वेगळं. माणूस कसा चौफेर हवा."

"आत्ताच तुम्ही..." आई म्हणाली.

"मी मघाशी तत्त्व सांगत होते, वहिनी. आता व्यवहार सांगते आहे."

तत्त्वाकडून व्यवहाराकडे इतक्या जलद गतीने झालेला प्रवास विद्वज्जनांच्या इतिहासातही विरळा असावा. काकांनी बहिणीकडे कृतज्ञतेने पाहिले. मत फुटले नव्हते; फुटून परत जुळले होते, आणि असे मत अधिक चिवट असते.

"बाणांचं म्हणशील," ते खुशीत येऊन म्हणाले, "तर तुझ्या बापाला विचार. हॉस्पिटलात बाण बघून कुठे पोचला होतास रे तू?"

"धोबीखान्यात!" दादाने उत्तर दिले. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की तिचे सगळे संवाद वाटून दिलेले होते. गेल्या वर्षी आईचे ऑपरेशन होते. ऑपरेशनच्या दाराशी जायला म्हणून निघालेले बाबा चादरींच्या ढिगाऱ्यात जाऊन उभे राहिले होते. दादा बाबांकडे वळला. "आणि तिथला माणूस काय म्हणाला काका? सांगा ना!"

"म्हणाला, पेशंट कुठाय?" बाबांनी आपला संवाद म्हटला.

"आणि तू म्हणालास, तेच शोधतोय!" काकांनी टेबलावर थाप मारली.

आई हसली नाही. ती या गोष्टीला कधीच हसत नसे. घरच्यांनी त्याचे खापर तिच्या विनोदबुद्धीवर फोडले होते.

"त्या पाट्या आपणच केल्या होत्या," धाकटी म्हणाली.

"मग? चांगल्याच केल्या होत्या. देणगीदार खूश होता."

"देणगीदार खूश होता, कारण तुम्ही त्याचा फोटो दुप्पट केलात. आत्यांनी फोनवरून सगळ्या विभागांची नावं बदलली. दादानं खाली आपल्या दुकानाचा नंबर टाकला. एवढं सगळं मावल्यावर मग बाण कुठे बसवायचा ते मला विचारलंत."

"बसला ना शेवटी?"

"बसला, काका. मुंगीएवढा."

"हे बघ," काका म्हणाले, आणि सभेचा शेवट जवळ आल्याची खूण म्हणून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "पहिला कागद एकमताने मंजूर. सिनेमा. तयारीला लाग, आपण बघू. तोपर्यंत दुकान आहेच. त्या बाणवाल्यांना नाही म्हणून कळव. आता वाढा."

धाकटी उठली आणि जिन्यात गेली. तिच्यामागोमाग बाबा गेले. एकमताने झालेल्या निर्णयानंतर दोघे उठून गेले तरी एकमताला काही होत नसल्यामुळे कोणी त्यांना थांबवले नाही.

जिन्याच्या वळणावर कागदांचे गठ्ठे रचलेले होते. त्यांतल्या एकावर ती बसली होती. बाबा दोन पायऱ्या वर उभे राहिले. मुलीशी बोलताना सुरुवात कुठून करायची हे त्यांना अजून उमगले नव्हते. यंत्राला निदान बटण तरी असते.

"आज तुझी चूक चालली नाही," ते म्हणाले.

ती दचकली. "कसली चूक?"

"अगं, छापायच्या आधी फाइल माझ्याकडे येते. केसाएवढ्या फरकावरून माझ्याशी भांडणारी मुलगी, तुझ्या काकांना दाखवायच्या प्रतीतच बरोब्बर गुलाबी रंग कसा विसरते?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यालाही माहीत आहे."

"काकांना?"

"तिसऱ्या-चौथ्या वेळीच कळलं होतं त्याला. मला म्हणाला, पोरगी मला मोठेपणा देते, घ्यायला काय जातंय." बाबांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "आज तो 'बघता येईल' म्हणाला. गिऱ्हाइकाला कधी म्हणतो तसं?"

"काम करायचं नसलं की," धाकटी म्हणाली.

"मग झालं तर."

म्हणजे सिनेमा मंजूर झाला होता तो अशक्य होता म्हणूनच. अशक्य गोष्टीला होकार दिला की माणूस आशेवर जागच्या जागी राहतो, आणि दुकानही. इतकी वर्षे आपण ज्याला घास भरवत होतो तो आपल्याकडे बघत निवांत चावत होता, हे कळल्यावर धाकटीला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्याआधी, आणि ही गोष्ट तिने स्वतःलाही नीट सांगितली नाही, तिला थोडे कौतुक वाटले.

"बाबा, तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

"मग आता विचारते. मी जाऊ का?"

बाबांनी तोंड उघडले. वरून काकांची हाक आली, "अरे, ताटं वाढलीत!" आणि बाबांनी सवयीने तोंड मिटले.

ती मात्र उठली होती. वर येऊन तिने टेबलावरचा पहिला कागद उचलला आणि त्याची चौपदरी घडी घातली.

"हा मी खोटाच आणला होता, काका."

"माहीत आहे," काका ताटाकडे बघत म्हणाले.

"आणि तुम्ही तो खोटाच मंजूर केलात."

"मग? तू खोटं मांडायचंस आणि मी खरं मंजूर करायचं, असा कुठला कायदा आहे?"

"म्हणजे सिनेमा नाही?" दादाने विचारले. त्याने मनात संगणक हलवूनही ठेवला होता.

काकांनी हातातला घास खाली ठेवला. आवाजातला मालक बाजूला झाला आणि जुने काहीतरी बोलू लागले. "ऐक. तुझे आजोबा फक्त अक्षरं रंगवायचे. दुसरं काही नाही. त्यांच्यासारखं अक्षर अख्ख्या बाजारात कोणाचं नव्हतं. मग मशीन आलं. आणलं मीच, याच घरात. त्यांनी ब्रश धुतले, पुसले, आणि मरेपर्यंत त्या खिडकीत बसून राहिले. एकच गोष्ट येणाऱ्या माणसाचं काय होतं, ते मी रोज जेवताना समोर बघितलंय. म्हणून या दुकानात मी कशालाही नाही म्हटलं नाही. लेबल म्हणा, पत्रिका म्हणा, बिल्ले म्हणा. जो सगळं करतो त्याला कोणी खिडकीत बसवू शकत नाही."

त्या दिवशी टेबलावर बोलले गेलेले हे पहिले खरे वाक्य होते. आणि या घरातल्या सगळ्या खऱ्या वाक्यांप्रमाणे तेही समोरच्याला अडवण्यासाठीच बाहेर काढले गेले होते.

"असेल," धाकटी म्हणाली. तिचा आवाज थोडा खाली आला होता. "माझेही बाण उद्या मशीन काढेल. मग बसेन मीही खिडकीत. पण तोवर माझं म्हणून एक तरी काम झालेलं असेल. आजोबांचं होतं. माझं इथे एकही नाही, काका. इथली सगळी कामं सगळ्यांनी केलेली आहेत."

"तू गेलीस तर दुकान बंद पडेल."

"मग तसं म्हणा. माझं भवितव्य कशाला म्हणता?"

आत्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि त्यात पाहिले. काकांना बहिणीकडून मदत मिळेना, मुलाकडून मिळण्याची पद्धत नव्हती; म्हणून ते भावाकडे वळले. "तू बोल की रे काहीतरी! मुलगी तुझी आहे. की पुन्हा धोबीखान्यात हरवलास?"

दादा आपल्या वाट्याचे हसला.

"हो," बाबा म्हणाले. "हरवलो होतो."

"ते माहीत आहे आम्हाला."

"नाही. गंमत म्हणून नाही सांगत. मी खरंच हरवलो होतो."

आईच्या हातातले भांडे टेबलावर जरा जोरात टेकले. "पुरे करा ते आता," ती म्हणाली. "वर्ष झालं. मी काही विचारलंय का तुम्हाला?"

"काय विचारायचं होतं?"

आईने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिले. "मला आत नेत होते तेव्हा तुम्ही नव्हतात. मी त्या नर्सला म्हटलं, जरा थांबा, येतीलच. ती थांबली. परत म्हटलं, तेव्हा नाही थांबली. मला वाटलं, तुम्ही घाबरलात. तुम्हाला साधी सुई बघवत नाही. बाहेर जाऊन बसला असाल, आणि मग लाज वाटली म्हणून तुम्ही भावाभावांनी मिळून ही धोबीखान्याची गोष्ट रचलीत. भाऊजी इतकं रंगवून सांगायचे, मला अजूनच खात्री पटायची."

बाबांचा चेहरा यंत्र मध्येच थांबल्यावर होई तसा झाला होता.

"रचली?" ते म्हणाले.

"मग काय समजू मी? आपल्याच पाट्या, तुमच्याच हातांनी छापलेल्या. ज्यानं त्या छापल्या तो माणूस त्या बघून हरवेल कसा?"

"छापल्या मी," बाबा म्हणाले. "पण वाचायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली."

आईने पदराला नव्हे, टेबलावरच्या फडक्याला हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. मग म्हणाली, "चला. दाखवा मला."

"आत्ता?"

"आत्ता भेटायची वेळ असते. कुठून गेलात ते दाखवा."

"अहो वहिनी, जेवणं व्हायचीत," आत्या म्हणाल्या.

"जेवण कुठे जात नाही. या घरातून कोणी कुठे जात नाही."

"थांबा," काका उठत म्हणाले. त्यांच्या मालकीच्या वस्तूंवर घरात प्रथमच शंका घेतली जात होती. "मीही येतो. पाट्यांमध्ये काही खोट नाही, वाचणाऱ्यात आहे. मी दाखवतो सरळ कसं जायचं ते."

अशा रीतीने संपूर्ण मतदारसंघ पायी निघाला. हॉस्पिटल दोन चौक ओलांडून होते. दारातून आत शिरताच देणगीदाराने त्यांचे स्वागत केले. तो भिंतीवर पुरुषभर उंच, सुटाबुटात, हसतमुख होता, आणि प्रत्येक वळणावर नव्याने हसत होता. त्याच्या छातीखाली आत्यांचे पांडित्य दोन ओळींत मांडलेले होते: शस्त्रकर्म विभाग, वस्त्रप्रक्षालन विभाग. तळाशी छपाईच्या दुकानाचा फोन नंबर ठसठशीत, लांबून वाचता येईल असा. आणि दोन ओळींच्या बरोबर मध्ये, कोणत्या ओळीचा आहे हे त्याचे त्यालाही ठाऊक नसलेला, एक बाण.

"हे काय, स्पष्ट तर आहे," काका म्हणाले आणि बाण दाखवत होता तिकडे वळले.

ते पुढे, त्यांच्यामागे दादा, मग आत्या, मग एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून आई-बाबा. धाकटी सगळ्यांत मागे होती. ती फलकांकडे बघत नव्हती, माणसांकडे बघत होती: कोण कुठे पाऊल आखडते, कोण मान वर करून देणगीदाराच्या चेहऱ्यावर रस्ता शोधते, कोण शेवटी भिंतीला टेकून उभे राहते. काकांचे पाऊल मात्र कुठेही आखडले नाही. एक मार्गिका संपली, दुसरी लागली, ती अरुंद झाली, दिवे मंद झाले. भिंतींवरचा रंग संपून नुसत्या विटा लागल्या तरी काका ज्या आत्मविश्वासाने छपाईचा दर सांगत त्याच आत्मविश्वासाने चालत राहिले. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी एक दुहेरी दार ढकलले.

वाफेचा लोट बाहेर आला. आत चादरींचे ढीग होते.

"वस्त्रप्रक्षालन," आत्यांनी दारावरची पाटी वाचली. आपलाच शब्द त्यांनी असा वाचला, जसा एखादा परक्या लिपीतला वाचावा.

"हेच दार," बाबा म्हणाले.

आई दाराकडे बघत राहिली. मग मागे वळून, आपण जिथून आलो त्या लांबलचक मार्गिकेकडे. "केवढं लांब आहे हे," ती म्हणाली. तिच्या आणि बाबांच्या मधले हातभर अंतर कोणी कमी केले ते नेमके दिसले नाही.

"रविवार आहे म्हणून," काकांनी सुरुवात केली, "एरवी इथे..."

"अहो," मागून आवाज आला.

एक अनोळखी माणूस धापा टाकत उभा होता. एका हातात थर्मास, काखेत उशी. "ऑपरेशनचा विभाग इथेच ना? माझ्या बहिणीला एवढ्यात आत नेणार आहेत. तुम्ही इतके ठामपणे चालला होतात," तो काकांना म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला नक्की माहीत असणार. म्हणून दारापासून तुमच्याच मागे मागे आलो."

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. दुरुस्ती सुचली नाही.

"चला, मी दाखवते," धाकटी म्हणाली. "आईच्या वेळी शोधून ठेवलाय रस्ता. पळू शकाल ना? उशी द्या इकडे."

तिने उशी काखेत घेतली आणि चालता चालता दुसऱ्या हाताने फोन लावला. मार्गिका रिकामी असल्यामुळे तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत राहिला. "हो, मीच. सहा वाजायची वाट नाही पाहिली... हो, येते. उद्याच निघते." मग थोडा वेळ ती ऐकत राहिली. "राहायची सोय? आहे ना, माझी आत्या तिथेच असते, दोन खोल्या आहेत." आत्यांनी डोळे मिटले. "घरी? विचारलं की. सगळ्यांनी आपापल्या दुरुस्त्या सुचवल्या... नाही, मजकूर तसाच ठेवलाय."

आई तिच्या मागे निघाली आणि बाबा आईच्या मागे, त्या माणसाचा थर्मास त्यांनी हातात घेतला होता. वळणावर चौघेही दिसेनासे झाले.

धोबीखान्याच्या दारात काका आणखी काही वेळ उभे होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि मुलाला हलक्या आवाजात विचारले, "बाहेर पडायचं कुठून रे?"